रक्ताची गुठळी विरते कुठे, आणि त्यावरून आपली फाईल कशी वाचायची

"मॅडम, गोळी सुरू होऊन आठ दिवस झाले, मग गाठ काहून नाही विरली?"

नागपुरात बायोकेमिस्ट्री शिकवताना आणि लॅबच्या रिपोर्टांवर सह्या करताना हा प्रश्न मी सतत ऐकते. पायाच्या शिरेत गुठळी झालेला, म्हणजे डीव्हीटीचा पेशंट असतो. सोबत मुलगा किंवा सून असते, आणि हातात धंतोली-रामदासपेठेतल्या दोन-तीन लॅबचे रिपोर्ट भरलेली फाईल. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर, तिथल्या पेशींच्या पृष्ठभागावर बसलेल्या काही प्रथिनांपाशी सापडतं. ती प्रथिनं एकदा ओळखीची झाली की फाईलमधला कोणता कागद महत्त्वाचा आणि कोणता नुसताच घाबरवणारा, हेही कळायला लागतं. म्हणून फाईल शेजारी घेऊनच हे वाचा. औषध सुरू करणं, थांबवणं, बदलणं हे डॉक्टरांचं काम. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, ते मात्र तुम्ही ठरवू शकता.

त्याआधी एक गोष्ट. घरात आत्ता कुणाचं तोंड एकाएकी वाकडं झालं असेल, एक हात उचलत नसेल, बोलणं अडखळत असेल, किंवा पाय सुजलेल्या माणसाला अचानक धाप लागून छातीत दुखत असेल, तर वाचणं थांबवा आणि १०८ ला फोन करा. मेडिकल, मेयो (ही नागपूरची सरकारी हॉस्पिटलं), मिहानमधलं एम्स किंवा जवळचं सीटी स्कॅन असलेलं मोठं खासगी हॉस्पिटल, जिथे लवकर पोहोचाल तिथे जा. पेशंट शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला, ती वेळ कागदावर लिहून न्या. ती का लागते, ते पुढे येईलच.

पायरी १ : कागदावर भिंत काढा

दोन समांतर रेषा काढा. ही रक्तवाहिनी. रेषांच्या आतल्या बाजूला चपट्या पेशींचा एकेरी थर काढा. हे अस्तर, म्हणजे एंडोथेलियम. मधल्या पोकळीत एका ठिकाणी गुंतलेल्या धाग्यांचं जाळं काढा. हे फायब्रिन. गुठळीचा सांगाडा याचाच असतो, आणि गुठळी विरते म्हणजे हे धागे तुटतात.

आता पोकळीत दोन नावं लिहा. पहिलं प्लाझ्मिनोजेन. हे यकृतात तयार होतं आणि निष्क्रिय अवस्थेत कायम रक्तात फिरत असतं. दुसरं टीपीए. हे अस्तराच्या पेशी स्वतःच सोडतात. रक्तात ते फार टिकत नाही, सुमारे पाच मिनिटांत निम्मं नाहीसं होतं. टीपीए प्लाझ्मिनोजेनच्या साखळीला एकाच ठिकाणी काप देतं, त्यातून प्लाझ्मिन तयार होतं, आणि हे प्लाझ्मिन फायब्रिनचे धागे कापतं.

इथवर पाठ्यपुस्तकांतही सापडेल. पुढचा भाग मात्र सहसा कुणी समजावून सांगत नाही. वाहत्या रक्तात टीपीए आणि प्लाझ्मिनोजेन एकमेकांना भेटले तरी जवळजवळ काहीच घडत नाही. चुकून थोडं प्लाझ्मिन मोकळं झालंच, तर अल्फा-२ अँटिप्लाझ्मिन नावाचं प्रथिन सेकंदाच्या अंशात त्याला पकडून निकामी करतं. हे बरंच आहे, नाहीतर दाढी करताना झालेली साधी जखमही वाहत राहिली असती. खरं काम होतं ते दोनच ठिकाणी: खुद्द फायब्रिनच्या धाग्यांवर, आणि पेशींच्या पृष्ठभागावर.

म्हणून अस्तराच्या पेशीवर आता एक जोडी काढा: ॲनेक्सिन ए२ आणि त्याच्या सोबतीला एस१००ए१०. दोन-दोन रेणू मिळून चारांचा हा गट पेशीच्या बाहेरच्या बाजूला बसतो. टीपीए आणि प्लाझ्मिनोजेन या दोघांनाही तो शेजारी शेजारी धरून ठेवतो, आणि काप लगेच बसतो. कॅथरीन हज्जर यांच्या न्यूयॉर्कमधल्या गटाने १९९४ मध्ये दाखवलं की अस्तराच्या पेशींवर टीपीएला धरणारं प्रथिन हे ॲनेक्सिन ए२ आहे. ते असताना टीपीएची प्लाझ्मिन बनवण्याची क्षमता सुमारे ६० पट वाढते. पृष्ठभागाला चिकटून असलेलं प्लाझ्मिन अँटिप्लाझ्मिनच्या तावडीतही सहजासहजी सापडत नाही. पुढे २००४ मध्ये ॲनेक्सिन ए२ नसलेले उंदीर तयार करून तपासले, तेव्हा त्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांत फायब्रिन साठलेलं आढळलं. वरवर निरोगी दिसणारे हे प्राणी होते, पण त्यांच्या भिंतीची रोजची सफाई होत नव्हती.

या जोडीची एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. गुठळी बनवणारं थ्रोम्बिन अस्तराच्या पेशीला लागलं की पेशी आतलं ॲनेक्सिन ए२ बाहेरच्या पृष्ठभागावर आणायला लागते. गुठळी तयार होत असतानाच ती विरवण्याची तयारी शेजारी सुरू झालेली असते.

चित्रात आणखी तीन नावं घालायची आहेत. मोनोसाइटसारख्या पांढऱ्या पेशींवर यूपार. हे टीपीएच्या भावंडाला, म्हणजे युरोकायनेजला धरतं. अस्तरावर थ्रोम्बोमोड्युलिन. हे थ्रोम्बिनला पकडून त्याचं कामच उलटं करतं: ज्याने गुठळी करायची, तेच आता प्रोटीन सी जागं करून गुठळीला आवर घालतं. मात्र हीच जोडगोळी टॅफी नावाच्या एन्झाइमलाही जागं करते. टॅफी धाग्यांवरच्या लायसिन या अमिनो आम्लाच्या शेपट्या छाटतं, प्लाझ्मिनोजेनला पकड मिळत नाही आणि विरणं मंदावतं. तिसरं नाव पीएआय-१. हे टीपीएचा थेट विरोधक, रक्तात मोकळं फिरतं.

चित्र झालं. ते फाईलच्या आत लावून ठेवा.

पायरी २ : औषधांची चिठ्ठी चित्रावर ठेवून बघा

हेपॅरिन, पोटावर घेतात ते एनोक्सापॅरिन, वॉरफेरिन, ॲसिट्रोम, रिव्हारोक्सॅबॅन, ॲपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन. या सगळ्यांना आपण "रक्त पातळ करणारी औषधं" म्हणतो. चित्रात यांतलं एकही औषध प्लाझ्मिनपाशी येत नाही. ती नवीन फायब्रिन बनू देत नाहीत. आहे ती गुठळी तुमच्या भिंतीचं टीपीए, ॲनेक्सिन आणि प्लाझ्मिनोजेन यांनीच हळूहळू विरवायची असते, आणि त्याला आठवडे किंवा महिने लागतात. आठ दिवसांत गाठ का विरली नाही, त्याचं उत्तर हे. डीव्हीटीत औषध सहसा किमान तीन महिने देतात तेही याचसाठी: भिंत तिचं काम करत असताना गुठळी वाढू नये. सूज उतरली म्हणून मधेच गोळी सोडणारे पेशंट दरवर्षी दिसतात. कृपा करून तसं करू नका.

गुठळी खरोखर विरवणारी इंजेक्शनं वेगळी: स्ट्रेप्टोकायनेज, अल्टेप्लेज, टेनेक्टेप्लेज. स्ट्रेप्टोकायनेजचा शोध १९३३ चा, जंतूंपासून मिळालेला. ते रक्तातलं प्लाझ्मिनोजेन सरसकट जागं करतं, जागा बघत नाही. अल्टेप्लेज म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेलं माणसाचंच टीपीए. टेनेक्टेप्लेज हे त्याचं सुधारलेलं, जास्त वेळ टिकणारं रूप. ही दोन्ही फायब्रिनच्या पृष्ठभागावर जास्त काम करतात.

पक्षाघातात अल्टेप्लेज साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मात्रा किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम. हे साडेचार तास मोजतात ते पेशंट शेवटचा ठीक दिसल्यापासून. रात्री दहाला झोपलेला माणूस सकाळी सहाला वाकड्या तोंडाने उठला, तर हिशोब रात्री दहापासून लागतो. अशा वेळी काही केंद्रांत खास स्कॅन करून निर्णय घेतात, म्हणून उशीर झाला असं समजून घरी बसू नका. रक्तस्रावाचा पक्षाघात नाही ना, हे सीटी स्कॅनवर बघितल्याशिवाय इंजेक्शन देता येत नाही. नुकतंच ऑपरेशन झालं असेल, रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, बीपी फार चढलेलं असेल, तर डॉक्टर हात आखडता घेतात. या तिन्ही गोष्टी विचारण्याआधीच सांगा.

पायाच्या गुठळीत मात्र हे इंजेक्शन बहुतेकदा देत नाहीत, कारण रक्तस्रावाचा धोका फायद्याहून मोठा ठरतो. फुफ्फुसात मोठी गुठळी जाऊन बीपी कोसळलं, तर गणित बदलतं.

पायरी ३ : डी-डायमर, एककासकट वाचा

घट्ट विणलेलं फायब्रिन प्लाझ्मिनने कापलं की जे तुकडे पडतात, त्यांतला एक डी-डायमर. म्हणजे हा आकडा दोन गोष्टी एकदम सांगतो: कुठेतरी फायब्रिन झालं, आणि ते कापलंही जातंय. ते कुठे झालं, हे तो सांगत नाही.

आधी एकक बघा. काही लॅब एफईयूमध्ये (मूळ फायब्रिनोजेनच्या वजनात) आकडा देतात, काही डीडीयूमध्ये (खुद्द डी-डायमरच्या वजनात), आणि १ डीडीयू म्हणजे साधारण २ एफईयू. सोमवारी एका लॅबमध्ये ४५० डीडीयू आणि गुरुवारी दुसऱ्या लॅबमध्ये ९०० एफईयू आलं, तर ते जवळपास तेवढंच आहे. "दुप्पट झालं" म्हणून रडवेले झालेले नातेवाईक मी बघितलेत. भरीला एक लॅब नॅनोग्रॅममध्ये छापते, दुसरी मायक्रोग्रॅममध्ये. ५०० नॅनोग्रॅम आणि ०.५ मायक्रोग्रॅम एकच. सगळ्यात सोपा उपाय: पुन्हा तपासायचं असेल तर त्याच लॅबमध्ये जा.

नेहमीची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिली एफईयू. पन्नाशीनंतर वय गुणिले १० अशी मर्यादा धरण्याची पद्धत आता रूढ आहे. म्हणजे ७२ वर्षांच्या आजोबांसाठी ७२०. डॉक्टरांनी तपासून गुठळीची शक्यता कमी आहे असं ठरवलं असेल आणि डी-डायमर मर्यादेच्या आत असेल, तर गुठळी बहुधा नाही. या तपासणीचा मोठा उपयोग एवढाच आहे, आणि तो फार मोलाचा आहे. उलट दिशेने ती लंगडी पडते. गरोदरपण, ऑपरेशन, न्यूमोनिया, कॅन्सर, नुसतं वय, यांतलं काहीही आकडा वाढवतं. आपल्या विदर्भात सिकलसेलचे पेशंट बरेच आहेत. त्यांचा डी-डायमर बरं वाटत असतानाही वाढलेला असू शकतो, आणि त्यांना गुठळीचा धोकाही खरोखर जास्त असतो. म्हणून त्यांच्यात संशय आला तर आकड्यावर न थांबता डॉपलर (रक्तवाहिनीची सोनोग्राफी) किंवा सीटी अँजिओ लागते. घरात सिकलसेल असेल तर ते तपासणीच्या चिठ्ठीवर लिहून घ्या.

रक्त काढताना एक गोष्ट स्वतः बघा. निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरली पाहिजे. त्या नळीत सायट्रेट आधीच घातलेलं असतं, एकास नऊ भाग रक्त हवं. अर्धी नळी भरून दिली तर रक्त गोठण्याच्या तपासण्या बिघडतात. "पुन्हा टोचावं लागेल" असं लॅबने सांगितलं तर चिडू नका, ते बरोबर करत आहेत.

पायरी ४ : होमोसिस्टीनचा आकडा आणि नागपूरचं ऊन

चित्रातल्या ॲनेक्सिन ए२ वर टीपीए जिथे बसतं, तिथेच नवव्या क्रमांकाचं सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल आहे. होमोसिस्टीन हे त्याच्याच जातीचं, शरीरात तयार होणारं अमिनो आम्ल; रक्तात ते वाढलं की नेमकं त्या सिस्टीनला चिकटतं आणि टीपीएला जागा उरत नाही. हे प्रयोगशाळेत अस्तराच्या पेशींवर दाखवलेलं आहे. जास्त होमोसिस्टीन आणि गुठळ्या यांचा संबंध का दिसतो, याचं हे एक पटणारं कारण.

आपल्याकडे होमोसिस्टीन वाढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बी१२ ची कमतरता. शुद्ध शाकाहारी घरं, दूध-दही कमी, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी. हे सगळं एकाच माणसात जुळून येणं काही विरळा नाही.

आता रिपोर्टचं बघू. साधारण १५ मायक्रोमोल प्रति लिटरपर्यंतचा आकडा ठीक मानतात. तुमचा १९ आला, तर घाबरण्याआधी विचारा: नमुना कसा गेला? रक्त काढल्यानंतरही तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडतच राहतात. नमुना साध्या तापमानाला पडून राहिला तर तासाला सुमारे १० टक्के आकडा वाढतो. मे महिन्यात दुपारी एक वाजता घरी येऊन रक्त घेतलं, नळी गाडीच्या डिक्कीतल्या पिशवीत राहिली, आणि लॅबला पोहोचता पोहोचता तीन वाजले, तर तो आकडा पेशंटचा कमी आणि उन्हाचा जास्त. म्हणून ही तपासणी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन करा. घरीच द्यायची असेल तर बर्फाची पेटी आहे का आणि तासाभरात नमुना यंत्रात फिरवून पेशींपासून वेगळा होईल का, हे आधी विचारा. विचारायला अजिबात संकोच नको.

खरंच वाढलेलं निघालं तर बी१२ आणि फॉलिक ॲसिड तपासून कमतरता भरून काढतात. इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. व्हिटॅमिन देऊन होमोसिस्टीन उतरवलं तरी हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, असं २००६ च्या होप-२ या मोठ्या चाचणीत दिसलं. म्हणजे बी१२ ची गोळी हे गुठळीचं औषध नव्हे, आणि ती सुरू झाली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी बंद करता येत नाही. कमतरता मात्र भरून काढायलाच हवी, कारण बी१२ नसेल तर मज्जातंतूही खराब होतात.

पायरी ५ : लायपोप्रोटीन-ए, आयुष्यात एकदा

हा कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण. त्यावरच्या प्रथिनाचा काही भाग प्लाझ्मिनोजेनशी इतका मिळताजुळता आहे की ते प्लाझ्मिनोजेनच्या जागी, फायब्रिनवर आणि अस्तराच्या पेशीवर, जाऊन बसतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी आणि बसायला कुणी येऊच नये, तसं. जागा अडते, प्लाझ्मिन काही बनत नाही.

पातळी मुख्यतः जन्मतःच ठरते, आहार-व्यायामाने फारशी हलत नाही. म्हणून एकदाच तपासली तरी पुरते. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटरच्या वर असेल तर हृदयविकाराचा धोका वाढलेला धरतात. ही दोन एककं एकमेकांत सरळ गुणाकाराने बदलता येत नाहीत, तो प्रयत्न करू नका. शिरांतल्या गुठळीशी याचा संबंध कमकुवत आहे, धमन्यांच्या आजाराशी भक्कम. घरात कुणाला पन्नाशीच्या आत झटका आला असेल तर ही तपासणी जरूर मागा. आकडा जास्त निघाला तर तो स्वतः उतरवणं अवघड, पण एलडीएल, बीपी, साखर, तंबाखू आणि खर्रा हे तुमच्या हातात आहे. आपल्याकडे पानठेल्यावर खर्रा घोटून देतात तो "फक्त तोंडापुरता" आहे, हा समज पूर्ण सोडून द्या. त्यातला तंबाखू रक्तवाहिन्यांनाही बाधतो.

पायरी ६ : पीएआय-१ साठी लॅब नको, टेप घ्या

ही तपासणी रोजच्या उपचारात लागत नाही. पीएआय-१ पोटावरच्या चरबीसोबत आणि शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसेल तेव्हा वाढतं, आणि पहाटे-सकाळी ते सगळ्यात जास्त असतं. सकाळच्या वेळी हृदयविकाराचे झटके जास्त येतात, त्याच्या कारणांत याचाही वाटा मानतात. कंबर मोजा, आणि फुटाळ्याला किंवा अंबाझरीला रोज चाला. चालण्याने अस्तरातून टीपीए सुटतं. नागपूर-पुणे ट्रॅव्हल्सने रात्रभर जायचं असेल तर पोटऱ्या हलवत राहा, पाणी प्या, गाडी थांबली की उतरा.

पायरी ७ : "सगळ्या तपासण्या करून टाका" असं म्हणू नका

प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रोम्बिन, ल्युपस अँटिकोआग्युलंट. गुठळी का झाली ते शोधणारं हे महागडं पॅकेज गुठळी ताजी असताना केलं तर आकडे फसवे येतात. वॉरफेरिन सी आणि एस दोन्ही खाली आणतं, हेपॅरिन अँटिथ्रोम्बिन खाली आणतं, गरोदरपण एस खाली आणतं, आणि रिव्हारोक्सॅबॅनसारख्या गोळ्या ल्युपसच्या तपासणीत गोंधळ घालतात. कधी करायची, ते डॉक्टरांना विचारा.

यांतल्या ल्युपसच्या तपासणीशी जोडलेला फॉस्फोलिपिड अँटिबॉडीचा आजार वेगळा उल्लेख करण्याजोगा. वारंवार गर्भपात किंवा तरुणपणी गुठळी, यांमागे तो असू शकतो. अशा काही पेशंटांत ॲनेक्सिन ए२ विरुद्धच्याच अँटिबॉडी सापडल्या आहेत, म्हणजे भिंतीची सफाईच अडवली जाते. ॲनेक्सिनची ही तपासणी संशोधनापुरती आहे. नेहमीच्या तीन तपासण्या मात्र होतात, आणि त्या सकारात्मक आल्या तर १२ आठवड्यांनी पुन्हा कराव्या लागतात. एका रिपोर्टवर आयुष्यभराचं निदान लावून घेऊ नका.

पायरी ८ : हेच यंत्र उलटं फिरतं तेव्हा

ॲनेक्सिन ए२ जास्त झालं तर? एपीएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये बिघडलेल्या पेशींवर ते भरमसाट असतं, असं १९९९ मध्ये दिसून आलं. प्लाझ्मिन वाजवीपेक्षा जास्त तयार होतं आणि पेशंट रक्तस्रावाने दगावू शकतो. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग आणि ताप असं एकत्र दिसलं तर सीबीसी त्याच दिवशी करा. एपीएल लवकर ओळखलं तर आज बरं होणाऱ्या कॅन्सरांपैकी एक आहे.

पाळीत फार रक्त जातं म्हणून दिली जाणारी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळीही याच चित्रातली. उटाको ओकामोतो या जपानी संशोधिकेने पतीसोबत ती शोधली. लायसिन पकडण्याच्या जागी ती बसते आणि प्लाझ्मिनोजेनला फायब्रिन धरताच येत नाही, म्हणून रक्त थांबतं. उत्तम आणि स्वस्त औषध. पण आधी कधी गुठळी झाली असेल, तर ती केमिस्टकडून परस्पर आणून घेऊ नका.

पायरी ९ : फाईलचं पहिलं पान

एका पानावर एवढं लिहा: गुठळी कधी आणि कुठे झाली, त्याआधीच्या तीन महिन्यांत ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण, लांबचा प्रवास किंवा हार्मोनची गोळी होती का, घरात कुणाला गुठळी, लवकर झटका किंवा सिकलसेल आहे का, आत्ताची गोळी, मात्रा, सुरू केल्याची तारीख, डी-डायमर एककासकट आणि लॅबच्या नावासकट. खाली डॉक्टरांसाठी तीन प्रश्न: गोळी किती दिवस आणि कशावरून ठरवणार? दात काढायचा किंवा ऑपरेशन असेल तर काय करायचं? पुन्हा डॉपलर कधी? या पानाची एक प्रत पेशंटच्या पाकिटात राहू द्या, फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हे अपघातात बेशुद्ध पडलेला माणूस सांगू शकत नाही.